होडीच्या पोटातली हवा

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, चांगदेवला जिथे पूर्णा तापीला मिळते त्या अंगाला, दिवाळीच्या सुमारास पाणी भरपूर असते. गिरणा धरण भरले तर तिथेही. वाऱ्याची तऱ्हा मात्र उलटी. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्या पावसाळी वाऱ्यावर जोमाने फिरतात, तो वारा सुरू होतो जूनमध्ये, आणि तेव्हा धरणांचा तळ उघडा पडलेला असतो. म्हणजे खानदेशात शिडाची होडी हाकायची तर सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. वारा मवाळ, पण पाणी भरवशाचे. दुरुस्तीला उरतो उन्हाळा. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास खेळत असताना किनाऱ्यावरच्या माहितीपुस्तकातली अर्धी गणिते बदलतात. समुद्रावर होडीचा वैरी खारे पाणी, इथे ऊन.

छोटी कॅटामरान म्हणजे दोन लांबट पोकळ नावा, त्यांना जोडणारे ॲल्युमिनियमचे दांडे, मध्ये ताणलेली जाळीदार गादी म्हणजे ट्रॅम्पोलीन, आणि पुढच्या दांड्यावर डोलकाठी. या पोकळ नावांना खलाशी ‘हल’ म्हणतात. संस्कृतातल्या ‘हल’शी, म्हणजे शेतातल्या नांगराशी, त्याचा संबंध नाही. ‘कॅटामरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे ‘बांधलेली लाकडे’. गंमत अशी की मूळ कट्टुमरम हा ओंडक्यांचा तराफा, त्याला दोन हल नव्हतेच. जगभर सर्वाधिक दिसणाऱ्यांपैकी एक म्हणजे होबी १६. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन १४५ किलो, शिडाचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर. पुढची मापे अशाच होडीची.

तिचे हल फायबरचे, म्हणजे काचतंतूचे, दोन पातळ थर आणि मध्ये फोम अशा सँडविचचे असतात. आत निव्वळ हवा. बहुतेक बिघाड या हवेपाशी येऊन थांबतात.

बंद हलमधली हवा पहाटेच्या २५ अंशांवरून दुपारी ६० अंशांवर गेली असे धरा. आकारमान तेवढेच राहिले तर दाब सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. आकडा किरकोळ वाटतो, पण दर चौरस मीटरला तो जवळजवळ १,२०० किलोचा रेटा आहे. पातळ सँडविच आतून फुगते, फोम आणि फायबर यांची पकड सुटते, जोड उकलतात. उलटेही तितकेच वाईट. तापलेल्या हलला बूच लावून तो ३० अंशांच्या पाण्यात ढकलला की आतली हवा आक्रसते आणि जवळजवळ ९० सेंटिमीटर खोल पाण्याच्या दाबाइतक्या जोराने बाहेरचे पाणी ओढू लागते. एरवी न गळणारी केसाएवढी चीरही मग पाणी पिते. म्हणून होडी काठावर असेपर्यंत मागची बुचे काढलेलीच हवीत, आणि बूच लावायच्या आधी हलवर चार बादल्या पाणी ओतून तो निववायला हवा. बऱ्याच होड्यांत पुढच्या दांड्याजवळ, डेकच्या (हलच्या वरच्या पृष्ठभागाच्या) कडेखाली, हवा जाण्यायेण्यासाठी बारीक भोक ठेवलेले असते. जुन्या होडीत ते कुणीतरी ‘भोक पडलंय’ म्हणून लांबी (पुट्टी) भरून बुजवलेले सापडते. ते सुईने मोकळे करावे.

गळती शोधताना हे भोक चिकटपट्टीने बंद करून बुचाच्या जागी नळी बसवावी, तोंडाने फुंकावे आणि साबणाचा फेस सगळ्या जोडांवर फासावा. बुडबुडे आले तिथे गळती. कॉम्प्रेसर लावू नये. गळती सापडेलच, पण दोन नव्या करून. ही तपासणी सावलीत आणि सकाळी, म्हणजे उन्हाचा दाब त्यात मिसळत नाही.

मग डेक ठोकून पाहायचा. स्क्रूड्रायव्हरची मूठ किंवा नाणे घेऊन दोन-दोन बोटांवर हलके ठोकत जावे. टणक, टकटक असा आवाज म्हणजे सँडविच शाबूत. धप असा मेलेला आवाज आला की तिथे थर सुटलेला. पुढच्या दांड्याच्या आगेमागे हे हमखास असते, कारण माणसे तिथेच पाय देतात. पेन्सिलीने हद्द आखून घ्यावी. आत २५ मिलिमीटर अंतरावर ३ ते ४ मिलिमीटरची भोके पाडावीत, फक्त वरच्या थरातून; ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली बांधून घेतली तर आतला थर वाचतो. फोम ओला असेल तर भोके उघडी ठेवून आठवडाभर सुकू द्यावा. इथे खानदेशातला कोरडा उन्हाळा खरोखर कामाला येतो. मुंबईच्या दमट हवेत हे काम रेंगाळते.

पातळ इपॉक्सी, म्हणजे हार्डनर कालवला की घट्ट होणारी राळ, सिरिंजने एका भोकात सोडायचे, शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत, मग पुढचे भोक. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर वाळूच्या पिशव्या. कधी करायचे हे महत्त्वाचे. सकाळी गारवा असतो म्हणून सकाळी करावे असे वाटते, आणि तिथेच फसगत होते. सकाळी भरलेले इपॉक्सी घट्ट होत असताना हल तापत जातो, फोममधली हवा फुगते आणि राळेतून बुडबुडे काढत बाहेर येते. सूर्य मावळल्यावर भरले तर हल निवत जातो आणि हवा आक्रसताना राळ आत ओढून घेते. होडीत पाणी खेचणारा नियम इथे आपल्या बाजूने राबतो.

राळ आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर असेल तेच: काही २:१, काही ५:१, काही वजनाने तर काही मापाने. हार्डनर जास्त घातला म्हणून ते लवकर वाळत नाही, चिकट राहते. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंशांनी वाढले की काम करायला मिळणारा वेळ निम्मा होतो. २५ अंशांना २४ मिनिटे मिळत असतील तर ४० अंशांना आठ-नऊच. शिवाय हे मिश्रण स्वतःच उष्णता सोडते. मग्यात अर्धा लिटर कालवून ठेवले तर ते धूर सोडत दगड होते. १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये, कालवल्यावर लगेच पसरट ताटलीत ओतावे आणि हार्डनर ‘स्लो’ घ्यावा. पहिला हात वाळल्यावर वर मेणचट थर दिसला तर पाण्याने आणि घासणीने आधी धुवावा, मग पॉलिश पेपर मारावा. उलटे केले तर तो मेणच पृष्ठभागात घोटला जातो आणि पुढचा हात सुटतो. पूर्ण पक्के व्हायला आठवडा लागतो. तोवर सावली, नर्सरीची हिरवी शेडनेट उत्तम. वरचा रंग पांढराच ठेवावा, कारण साधे इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागते आणि गडद रंग तिथे सहज पोहोचतो.

हलची तळधार वाळूवर घासून झिजते. आपल्याकडे धरणाच्या काठावर काळा दगड, म्हणजे ती अधिकच झिजते. ८० नंबरच्या पेपरने कडा उताराच्या करून घ्याव्यात, खड्डे सिलिका मिसळलेल्या इपॉक्सीने भरावेत आणि दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या फायबर कापडाच्या तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीपेक्षा रुंद, चढवाव्यात. काचेची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. मास्क आणि हातमोजे घालावेतच.

सांगाडा जोडताना कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरे सारखी नसतील तर हल तिरके आहेत आणि होडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहील. ट्रॅम्पोलीनची शिवण नखाने खरवडावी. धागा तुटला तर उन्हाने तो खाल्ला आहे; सगळी शिवण पॉलिस्टर धाग्याने नव्याने घालावी. ताणायची दोरीही पॉलिस्टरचीच, ४ ते ५ मिलिमीटर जाडीची. नायलॉन भिजले की सैल पडते. मधून कडेकडे ताणत जावे, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा, बाजेची पायथ्याची दोरी ओढतात तसे.

विजेच्या खांबाला ताण असतात तसे डोलकाठीला तीन: दोन बाजूंना, एक पुढे. तारा स्टेनलेसच्या, सुमारे ३ मिलिमीटर जाड. त्यांवरून कापसाचा बोळा फिरवावा, तो आपल्याकडे शोधावा लागत नाही. बोळ्याचे तंतू जिथे अडकतील तिथे तारेचा एखादा पेड तुटलेला आहे. एक पेड तुटला तरी अख्खी तार बदलायची. टोकांवरची प्लॅस्टिकची टोपी सरकवून आतही पाहावे. गंज तिथे लपतो. गोड्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्या जोडाचे गंजणे मंदावते, थांबत नाही.

डोलकाठी आतून हवाबंद हवी. होडी उलटली तर तीच तरंगून तिला आडवी धरून ठेवते. आत पाणी शिरले तर होडी पूर्ण पालथी होते, आणि उथळ, गाळाच्या धरणात काठीचे टोक गाळात रुतते. मग दोन माणसांच्या वजनाने ती सुटत नाही. काठी आडवी करून एकेक टोक पाण्यात दाबावे आणि बुडबुडे येतात का पाहावे. शेंड्याला फुगा बांधला तर अधिक चांगले.

काठी उभी करण्याआधी वर बघा. ती आठ मीटर लांब. उपसा सिंचनाच्या पंपांसाठी ११ केव्हीच्या तारा थेट पाण्यापर्यंत आलेल्या असतात, त्या पाच-सहा मीटर उंचीवर, आणि उन्हाळ्यात आणखी लोंबतात. काठी धातूची आहे. तार नजरेच्या टप्प्यात असेल तर जागा बदलावी, आणि काठी उभी ठेवून होडी कधीही रस्त्याने नेऊ नये. बाजूचे दोन्ही ताण आधी अडकवायचे, बुंध्याला पिन घालायची; एकाने ट्रॅम्पोलीनवरून काठी ढकलायची, दुसऱ्याने पुढचा ताण ओढायचा. दोन्ही बाजूंना ताणाच्या खालच्या टोकाच्या पट्टीतले भोक एकाच क्रमांकाचे निवडावे. ताण सतारीसारखे कसू नयेत. काठी वाऱ्यानुसार स्वतःभोवती वळली पाहिजे. पिनांच्या रिंगांवर टेप गुंडाळावा, नाहीतर दोरी अडकून त्या निघतात.

शिडातल्या आडव्या ताठ पट्ट्या सुरकुती जाईल इतक्याच ताणायच्या. काठीच्या ज्या खाचेत शीड सरकते तिथे ग्रीस लावू नये, आपल्याकडची धूळ त्यावर बसून पॉलिश पेपर तयार होतो, मेणबत्ती घासावी. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वारा दुप्पट झाला तर रेटा चौपट, म्हणून पहिली फेरी झुळकीवरच. जलसंपदा खात्याची परवानगी घेऊन, मासेमाऱ्यांची जाळी आणि हतनूरला हिवाळ्यात उतरणारे पक्षी यांच्यापासून लांब.

तासाभराने काठाला आल्यावर बुचे काढा आणि हलमधून निघालेले पाणी मोजा. कपभर निघाले तर ठीक. तांब्याभर निघाले तर साबणाचा फेस पुन्हा करावा लागेल, आणि यावेळी सुकाणूच्या कब्जांचे स्क्रू आधी पाहावेत.