अठ्ठेचाळीसचा हट्ट

माणसाची गुणसूत्रे ४६, बटाट्याची ४८, कुत्र्याची ७८. ही यादी अधूनमधून मोबाइलवर फिरत येते आणि खाली ठरलेला प्रश्न असतो : मग बटाटा माणसापेक्षा प्रगत का? कुणी ‘निसर्गाचे गूढ’ म्हणून हात जोडतो, कुणी थेट पुराणातला दाखला काढतो. यात गूढ काही नाही. गुणसूत्रांची संख्या म्हणजे जनुकांची संख्या नव्हे, प्रगतीची पायरी तर नव्हेच. आपल्या सह्याद्रीत भुंकणाऱ्या भेकराच्या मादीत अवघी ६ गुणसूत्रे असतात, नरात ७. त्याच्या चिनी भाऊबंदात ४६. दोघांच्या जनुकांचा ऐवज बराचसा सारखाच आहे. दोन खंडांचा ग्रंथ एकाच बांधणीत आणला तर खंड कमी होतात, पाने तेवढीच राहतात.

भेकराची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला जास्त ओढ प्रवाळातल्या माशांची, कारण तिथे प्रश्न उलटा होतो. संख्या बदलते का, यापेक्षा ती बदलत का नाही, हे तिथे विचारावे लागते.

प्रवाळखडकांवर हजारो प्रजातींचे मासे राहतात. रंग, दात, तोंडाची ठेवण, अंडी घालण्याच्या तऱ्हा, सगळ्यांत नुसती रेलचेल. पण गुणसूत्रे मोजायला बसा. माशाला कोल्चिसिन टोचतात, म्हणजे विभाजन चाललेल्या पेशी मधेच अडकतात. मग मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून पेशी काढून, त्या फुगवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. हेकरू : ४८. तांबोशीच्या कुळातले बहुतेक : ४८. फुलपाखरू मासे बहुतेक : ४८. समुद्रफुलांत राहणारा नारिंगी-पांढरा विदूषक मासा : ४८. तीही बहुतेक एकाच घडणीची, अग्रकेंद्री, म्हणजे गुणसूत्रबिंदू (विभाजनात गुणसूत्राला जिथे धरून ओढतात ती जागा) एका टोकाजवळ आणि एकच लांब हात. हा आकडा प्रवाळांहून कितीतरी जुना आहे. जपानच्या भातखाचरांतल्या मेडाका माशाचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की २४ जोड्यांची ही मांडणी ३० कोटींहून अधिक वर्षे मोठ्या उलथापालथीविना टिकली आहे.

या शिस्तीत बंडखोर निघाले ते डॅसिलस नावाच्या प्रजातिगटातले बोटभर मासे. त्यातला काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा डॅसिलस ट्रायमॅक्युलेटस खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या ठेवणाऱ्यांना ‘डोमिनो’ म्हणून माहीत असतो. जपानमध्ये ओजिमा आणि काशिवागी यांनी १९८१ मध्ये या गटाच्या गुणसूत्रांवर लिहिले. डोमिनोत ४७ किंवा ४८. डॅसिलस रेटिक्युलेटसमध्ये ३४ ते ३७. आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या डॅसिलस अरुआनसमध्ये २७ ते ३३! ‘ते’ हा शब्द इथे मोजणीतली चूक झाकायला आलेला नाही. एकाच प्रजातीच्या दोन माशांत खरोखरच वेगवेगळी संख्या सापडते.

हे घडते कसे? अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये नाकतोड्यांच्या गुणसूत्रांवर काम करताना ही युक्ती ओळखली, म्हणून तिला रॉबर्टसनी जोड म्हणतात. दोन अग्रकेंद्री गुणसूत्रे गुणसूत्रबिंदूपाशी तुटतात आणि एकमेकांना चिकटतात. दोन एकहातींचे एक दोनहाती, मध्यकेंद्री गुणसूत्र होते. तुटताना जे तुकडे गळतात त्यांत सहसा मोलाचे काही नसते. म्हणून जाणकार गुणसूत्रे मोजून थांबत नाहीत, हातही मोजतात. २७ गुणसूत्रांच्या माशात २१ जोडलेली आणि ६ सुटी धरा : २१ दुणे ४२ अधिक ६, झाले ४८. अठ्ठेचाळीस कुठे गेलेच नाहीत, जोडीने बसले आहेत.

माणसांतही हे होते. सुमारे हजारात एका व्यक्तीत अशी जोड असते. तिची गुणसूत्रे ४५ भरतात आणि ती व्यक्ती ठणठणीत असते. अडचण येते पुढच्या पिढीसाठी पेशी बनवताना. अर्धगुणसूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधते. इथे एका बाजूला जोडलेले गुणसूत्र, दुसऱ्या बाजूला दोन सुटी, असे तिघांचे त्रिकूट जमते. जोडलेले एका ध्रुवाकडे आणि दोन्ही सुटी दुसऱ्या ध्रुवाकडे गेली तर हिशेब बरोबर. एखादे सुटे चुकीच्या बाजूला गेले तर अंड्यात किंवा शुक्रपेशीत एक अख्खा हात जास्त किंवा कमी, आणि असा गर्भ बहुधा टिकत नाही.

म्हणजे नवी जोड थोडी तोट्याचीच. मग ती पसरते कशी? पाठ्यपुस्तकी उत्तर असे : लहान, एकाकी समूहात, निव्वळ योगायोगाने. अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावरचे घरातले उंदीर याचा नामांकित दाखला. साध्या उंदरात ४० गुणसूत्रे, तर तिथे डोंगरांनी तोडलेल्या वस्त्यांत २२ ते ३० पर्यंत. प्रवाळमाशांच्या हट्टालाही हेच तर्कशास्त्र लावतात. त्यांची डिंभके, म्हणजे इवली पिल्ले, अंड्यातून निघाली की कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात, दूरदूरचे समूह एकमेकांत मिसळत राहतात. एकाकीपणाच नाही, तर नवी जोड बुडून जाते आणि ४८ टिकतात.

हे स्पष्टीकरण नीटनेटके आहे, पण मला अपुरे वाटते. अरुआनसची पिल्लेही तीनेक आठवडे वाहत जातात आणि डोमिनोचीही. वाहण्याने एकाचे ४८ राखले, तर दुसऱ्याचे का नाही?

इथे मादीचे विभाजन मदतीला येते. नराच्या एका पेशीतून चार शुक्रपेशी होतात, चौघींना संधी. मादीत चारांपैकी एकच भाग अंडे होतो, बाकीचे चिमुकले कण होऊन टाकून दिले जातात. म्हणजे अंड्याच्या बाजूला कोण जाते याला जिवाचे मोल आहे. विभाजनाच्या वेळी तर्कुतंतू गुणसूत्रबिंदूला धरून ओढतात, पण अंड्याकडची बाजू आणि फेकण्याची बाजू सारख्या नसतात. ज्याचा गुणसूत्रबिंदू तंतूंना अधिक घट्ट धरतो तो अंड्यात राहण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. जोड असलेल्या स्त्रियांच्या मुलांत असे जोडलेले गुणसूत्र निम्म्याहून जास्त वेळा उतरल्याचे २००१ मध्ये दाखवले गेले. उंदरांत दिसले की पारडे दोन्ही बाजूंना झुकू शकते : कुठे सुट्यांना झुकते माप, कुठे जोडलेल्यांना. माप एकदा फिरले की एकामागून एक जोड्या जुळत जातात, मग समूह मोठा असो की लहान. प्राण्यांच्या अनेक प्रजातींत गुणसूत्रे जवळजवळ सगळी एकहाती किंवा जवळजवळ सगळी दोनहाती का असतात, याचेही उत्तर यातच असावे. डॅसिलसबाबत हे अनुमान आहे, पण एका प्रजातीत ४८ आणि तिच्या बहिणीत २७ हे कोडे मला तरी याच वाटेने सुटताना दिसते.

जोड कधी लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राशीही होते. तांबोशीच्या कुळातल्या पाच निळ्या पट्ट्यांच्या ल्युटजानस क्विन्क्वेलिनिएटसमध्ये मादीची गुणसूत्रे ४८ आणि नराची ४७, कारण नराचे वाय दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटलेले आहे. पिल्लू नर की मादी, हे बापाच्या शुक्रपेशीत काय आले यावर ठरते. माणसातही तसेच. तरी मुलगी झाली की सुनेला बोल लावणारे आणि ‘हमखास मुलगा’ म्हणून पुड्या विकणारे आपल्याकडे अजून आहेत. पुडीने वाय बदलत नाही, आणि सुनेकडे तर वाय नसतोच.

उलट विदूषक मासा जन्मतः नर असतो. गटातली थोरली मादी मेली की मोठा नर मादी होतो, आणि त्याची ४८ गुणसूत्रे होती तशीच राहतात. जपान आणि चीनच्या किनाऱ्यांवरच्या खडकांत राहणाऱ्या पट्टेरी ऑप्लेग्नाथसमध्ये मात्र पुन्हा मादी ४८, नर ४७. त्या नराच्या पेशीत एक गुणसूत्र इतरांपेक्षा ठळक मोठे दिसते, तेच त्याचे जोडलेले वाय.