हातरेखाटनासारखे संगणकीय वास्तुचित्र

हातरेखाटनासारखे संगणकीय वास्तुचित्र : संगणकावरील त्रिमितीय प्रतिमानावरून तयार केलेले, पण हाताने काढल्यासारखे भासणारे इमारतीचे चित्र.

या तंत्राच्या उगमाविषयी एकमत नाही. आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ या संगणकावर चित्र काढण्याच्या आरंभीच्या प्रणालीत (१९६३) हाताने ओढलेली रेषा संगणक सरळ करून देई, म्हणजे आरंभ नेमका उलट दिशेने झाला. १९९० मध्ये साइतो व ताकाहाशी या संशोधकांनी त्रिमितीय आकारांच्या कडा व छायारेषा वेगळ्या काढण्याची रीत मांडली, तर हेबर्ली यांनी कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी प्रतिमा रचून दाखविली. काही अभ्यासक उगम येथेच धरतात. वास्तुचित्रापुरता विचार केल्यास मात्र विंकेनबाख व सेल्सिन यांचा शाईच्या रेखाटनांवरील १९९४ चा निबंध अधिक महत्त्वाचा वाटतो. भिंतीवर विटा कोठे दिसाव्यात हे माणसाने दाखवायचे व इतरत्र त्या विरळ करीत न्यायचे काम संगणकाने करायचे, अशी त्यांची योजना होती. पुढे साधारण २००० नंतर, विशेषतः स्केचअप या त्रिमितीय प्रतिमाने रचण्याच्या प्रणालीमुळे, हे तंत्र छोट्या कार्यालयांत पोहोचले. ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रणालीतही २००७ च्या आवृत्तीपासून रेषेला कंप देण्याची व ती कोपऱ्यापलीकडे लांबविण्याची सोय आहे.

रेषा हाताची वाटण्यास केवळ कंपाने भागत नाही. सरावाचा हात थरथरत नाही. लांब रेषेत तो हळूहळू सरकतो, टोकांना दाब वाढतो, मध्ये रेषा हलकी होते. सगळ्या समांतर रेषा एकाच जागी वाकल्या की यंत्र उघडे पडते.

कोकणातील घरांत यांत्रिक एकसारखेपणाची ही अडचण छपरावर व भिंतीवर अधिक जाणवते. मंगलोरी कौलांचा पाखा काढताना जाणता रेखाटनकार वळचणीलगतच्या दोन-तीन ओळी व आढ्याजवळची थोडी कौले काढतो आणि मधला भाग मोकळा सोडतो. संगणक प्रत्येक कौल सारख्याच निष्ठेने काढतो. जांभ्याचेही तसेच. चिऱ्याच्या छायाचित्रावरून घेतलेला पोत भिंतभर पसरला की तीच भोके ठरावीक अंतराने पुन्हा दिसतात. त्यापेक्षा कोपऱ्याचे चार-पाच चिरे टिंबांनी भरणे व बाकी भिंतीवर नुसते सांधे सुचविणे बरे. तयार संग्रहातला शोभेचा पाम अंगणात लावल्यास गुहागरच्या घरमालकाला तो माड नव्हे हे लगेच कळते. खऱ्या माडांची खोडे एकसारखी वाकलेली नसतात.

१९९६ च्या एका पाहणीत वास्तुविशारदांनी प्राथमिक आराखडा दाखविण्यासाठी अशा रेखाचित्रांना पसंती दिली होती. चकचकीत चित्र पाहून घर ठरूनच गेले असे ग्राहकाला वाटते; रेखाटन पाहून तो पडवी रुंद करायला सांगतो.

मिश्र पद्धतही रूढ आहे : प्रतिमानाची फिकट छपाई घेऊन तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेनाने गिरवणे व ते पुन्हा स्कॅन करणे. पावसाळ्यात कागद सादळतो, शाई फुटते.