‘ओ निगेटिव्ह’ आणि ‘लो टायटर ओ’ एकच नव्हे

लष्करी रक्तपेढीचं प्रशिक्षण घेणाऱ्याला ओ निगेटिव्हची पिशवी पाठच असते: तांबड्या पेशींवर ए, बी, डी (आरएच) यांपैकी एकही अँटिजेन, म्हणजे गट ठरवणारी खूण नाही, रुग्णाचा गट कळायच्या आत देता येते. त्यावर वेळ घालवत नाही. पण आघाडीवरच्या उपचारात ‘लो टायटर ओ होल ब्लड’चा (घटक वेगळे न केलेलं, कमी अँटिबॉडी असलेलं ओ गटाचं रक्त) विषय निघाला की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘म्हणजे तेच ना, सर्वदात्याचं रक्त?’ नाही! हे वाक्य मला आता ऐकवत नाही, कारण या घोळात जखमीचा जीव जाऊ शकतो.

रुग्णालयात मिळणारी ओ निगेटिव्ह पिशवी बहुधा पॅक्ड सेलची, म्हणजे वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशींची असते, तिच्यात प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) जेमतेम उरलेला असतो. होल ब्लडमध्ये तो सगळाच्या सगळा असतो, साधारण पाव लिटर. आणि ओ गटाच्या प्लाझ्मात अँटी-ए, अँटी-बी, म्हणजे ए आणि बी पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी असायच्याच. जखमी जवान ए गटाचा असला, तर दात्याच्या पेशी सुखरूप राहतात. दात्याच्या अँटिबॉडी मात्र जवानाच्याच पेशी फोडू लागतात. धोका उलट्या बाजूने येतो. क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का याची तपासणी) शिकताना आपली नजर रुग्णाच्या प्लाझ्मावर खिळलेली असते, म्हणून ही बाजू सुटते.

इथे ‘निगेटिव्ह’ शब्द काहीच सांगत नाही. तो फक्त डी अँटिजेनपुरता. ओ निगेटिव्ह दात्यात अँटी-ए भरमसाट असू शकतं आणि ओ पॉझिटिव्ह दात्यात अगदी थोडं. ते कळायला प्लाझ्मा दुपटीदुपटीने पातळ करत जायचं: २, ४, ८, १६... जिथपर्यंत त्यात मिसळलेल्या ए किंवा बी पेशींचे पुंजके दिसतात, तो शेवटचा आकडा म्हणजे टायटर. अमेरिकी सैन्यदलांचा निकष २५६पेक्षा कमी असा आहे. २५६ला पुंजका दिसला की दाता बाद. ‘लो’ म्हणजे शून्य नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

रक्तगट जन्मभर तोच राहतो, टायटर बदलतं. अमेरिकेच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटने लो टायटर ओ दाते मोहिमेवर निघण्याआधीच हेरून ठेवायची पद्धत बसवली, ती मला फार पटते. ‘मागे कधीतरी तपासलं होतं’ हे उत्तर मी चालवून घेत नाही.

डीचा हिशेब वेगळा मांडायचा. जीव वाचवायचा असताना पुरुषाला लो टायटर ओ पॉझिटिव्ह चालतं. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला शक्यतो निगेटिव्ह, कारण तिच्या शरीरात तयार झालेल्या अँटी-डीचा पुढच्या गर्भाला त्रास होऊ शकतो.

साठवण सोपी आहे: १ ते ६ अंश, सीपीडीए-१ या रक्त गोठू न देणाऱ्या, टिकवणाऱ्या द्रावणात ३५ दिवस.

पिशवीवर नुसतं ‘ओ’ लिहिलेलं मला खपत नाही. होल ब्लड की पॅक्ड सेल, आणि टायटर तपासलंय की नाही, दोन्ही दिसलं पाहिजे. टायटर न तपासलेलं ओ होल ब्लड फक्त ओ गटाच्याच जखमीला द्यायचं.