हवेत सापडलं काय: प्रतिरोधक जिवाणू की प्रतिरोधक जनुक?

शस्त्रक्रियागृहात रात्री यूव्ही-सी (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचे) दिवे लावले आणि सकाळी हवेचे नमुने दोन प्रयोगशाळांत गेले, असं समजा. एकीचा अहवाल येतो: प्लेटवर एकही कॉलनी (जिवाणू वाढून दिसणारा ठिपका) नाही. दुसरीचा येतो: मेक-ए हे प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक) प्रतिरोध देणारं जनुक आढळलं. दोन्ही अहवाल बरोबर असू शकतात. यूव्हीने डीएनएवर जागोजागी व्रण पडले की जिवाणूला विभागता येत नाही, म्हणून कॉलनी उगवत नाही. क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती चक्रागणिक दुप्पट करत मोजणारी चाचणी) मात्र डीएनएचा शे-दीडशे अक्षरांचा तुकडाच वाचते आणि तेवढे तुकडे व्रणांच्या मधे शाबूत राहतात. एका प्रयोगशाळेने जिवंत जिवाणू मोजले, दुसरीने जनुकाच्या प्रती. ‘हवेत प्रतिरोधक जंतू सापडले’ अशी बातमी दोन्हींवरून बनते; गोंधळ तिथून सुरू होतो.

जिवंत जिवाणू मोजायला बहुतेकदा अँडरसन सॅम्पलर वापरतात. तो मिनिटाला २८.३ लिटर हवा ओढतो आणि ४०० छिद्रांतून ती अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) आदळवतो. ५ मिनिटांत १४१.५ लिटर हवा जाते. ४० कॉलन्या आल्या तर ४० भागिले ०.१४१५, म्हणजे घनमीटरला सुमारे २८३ सीएफयू (कॉलनी बनवू शकणारे जिवाणू). गर्दीच्या ओपीडीत ५ मिनिटं जास्त होतात. एका छिद्राखाली दोन-तीन जिवाणू पडले तरी कॉलनी एकच दिसते, म्हणून २०० छिद्रांखाली वाढ असेल तर खरा आकडा २७७ धरतात. बहुतेक छिद्रं भरली असतील तर दुरुस्तीच्या नादी न लागता वेळ २ मिनिटांवर आणून नमुना परत घ्यावा. नुसती उघडी ठेवलेली प्लेट (जमिनीपासून १ मीटर उंच, भिंतीपासून १ मीटर लांब, १ तास) किती जिवाणू खाली बसतात एवढंच सांगते. तिच्यावरून ‘घनमीटरला इतके’ लिहिलेलं दिसलं तर तो अहवाल बाजूला ठेवा.

प्रतिरोध तपासताना एक शॉर्टकट सर्रास वापरला जातो: औषध घातलेली प्लेटच सॅम्पलरमध्ये ठेवायची. वेळ वाचतो, पण हवेत सुकलेला आणि वर आदळून जखमी झालेला जिवाणू औषधाशी लगेच झुंजू शकत नाही. एरवी प्रतिरोधक असलेलाही मरतो आणि आकडा कमी येतो. आधी साध्या अगारवर वाढवून मग एकेक कॉलनी उचलावी. ०.५ मॅकफारलंडएवढा (गढूळपणाचं प्रमाणित माप) गढूळपणा करून म्युलर-हिंटन या प्रमाणित अगारवर पसरावी आणि ३३ ते ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवावी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूसाठी सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाची ३० मायक्रोग्रॅमची चकती वापरतात. चकतीभोवतीचं, वाढ न झालेलं वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान आलं तर तो मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही. अगारचा थर ४ मिलिमीटरचाच हवा. जाड झाला तर औषध खोलवर झिरपतं, वर्तुळ आखडतं आणि बिचारा साधा जिवाणूही प्रतिरोधक ठरतो.

जनुकांचं गणित वेगळं. बाहेरच्या हवेसाठीचं मोठं पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण गोळा करणारं) यंत्र मिनिटाला सुमारे १.१३ घनमीटर हवा ओढतं, दिवसाला १६०० घनमीटरच्या वर. इतक्या वाऱ्यात फिल्टरवरचे बरेच जिवाणू सुकून मरतात. कल्चरला (जिवाणू प्लेटवर वाढवून पाहण्याला) तो फिल्टर निरुपयोगी, डीएनएसाठी चांगला. क्वार्ट्झचा फिल्टर वापरण्याआधी ४५० ते ५०० अंशांवर भाजतात, म्हणजे आधीचा डीएनए जळून जातो. आणखी एक फिल्टर यंत्रात बसवून, यंत्र चालू न करताच काढायचा. हा कोरा नमुना नसेल तर पुढचं काही वाचूच नका. घनमीटरभर हवेत एक लाख जिवाणू असले तरी त्यांचा मिळून डीएनए जेमतेम अर्धा नॅनोग्रॅम. त्यापुढे रसायनांच्या किटमधली किंवा हातमोज्यांवरची घाणही मोठी दिसते. दुसरा घोटाळा धुळीतल्या ह्युमिक आम्लाचा. ते पीसीआर अडवतं आणि असलेलं जनुक ‘नाही’ दिसतं. अर्क दहापट पातळ करून पाहावा. अडथळा नसेल तर सिग्नल साधारण ३.३ चक्रं उशिरा येतो. त्याहून लवकर आला तर ह्युमिकने घात केला होता हे नक्की.

मेक-ए म्हणजे एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) नव्हे, हे तर वारंवार सांगावं लागतं. हे जनुक निरोगी माणसाच्या त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसमध्येही सर्रास असतं. घरातल्या, वॉर्डातल्या हवेत माणसांच्याच त्वचेचे कण तरंगत असतात, त्यामुळे भरलेल्या खोलीत मेक-ए मिळणं यात आश्चर्य काही नाही. बाहेरच्या हवेत माती-धुळीतल्या बॅसिलसचा भरणा मोठा. त्यातला बॅसिलस सीरियस अँपिसिलिन या प्रतिजैविकाला मुळातच जुमानत नाही, त्याला कुठल्या औषधाच्या गैरवापराची गरज नसते. म्हणून बाहेरचा अँपिसिलिन-प्रतिरोध आणि वॉर्डातला सेफॉक्सिटिन-प्रतिरोध एका तक्त्यात शेजारी मांडणं चूक. त्यात वॉर्डाची प्लेट ३७ अंशांवर आणि बाहेरचीही ३७ वरच ठेवली, तर २८ अंशांवर सुखाने वाढणारे बाहेरचे जिवाणू मोजणीतून गळतात आणि ‘बाहेरची हवा स्वच्छ’ असा भास होतो.

२०१८ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या गटाने जगभरातल्या १९ शहरांतल्या मोटारींचे एसी फिल्टर जमवून त्यांवरच्या धुळीत ३० प्रतिरोधक जनुकं शोधली. कल्पना नामी, कारण असा फिल्टर महिनोन्‌महिने आयतीच हवा गाळत असतो. पण ही जनुकांची मोजणी आहे. त्या शहरात श्वास घेणाऱ्याला संसर्ग किती होईल, हा प्रश्न तिला विचारताच येत नाही.

वॉर्डात आज रुग्णाला धोका आहे का, हे विचारायचं असेल तर कल्चर मागवा. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून जनुकं वाऱ्यावर किती लांब जातात, हे हवं असेल तर क्यूपीसीआर. दोन्ही हवं असेल तर नमुन्याचा अर्धा भाग प्रोपिडियम मोनोअॅझाइड लावून तपासायला सांगा: हा रंग फाटक्या पटलाच्या मृत पेशींतल्या डीएनएला चिकटून तो पीसीआरमधून बाद करतो. यूव्हीने मारलेल्या पेशींचं पटल मात्र बऱ्याचदा शाबूतच असतं, त्यामुळे सुरुवातीच्या शस्त्रक्रियागृहात ही युक्ती चालणार नाही.