टिक्झची आकृती दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेताना अडते का, त्याची पार्श्वभूमी

नागपुरात थिसिसचे दिवस आले की पोरं एकच गोष्ट विचारून राहतात, आकृती लाटेकमध्ये (कमांड लिहून थिसिस मांडायचं सॉफ्टवेअर) टिक्झने (त्यातलंच आकृत्या काढायचं पॅकेज) काढली, पीडीएफमध्ये झकास दिसते, पण जर्नलला ईपीएस (छपाईसाठीची जुनी चित्रफाईल) पायजे, वेबसाईटला एसव्हीजी (ब्राउझरला कळणारी रेषांची चित्रफाईल) पायजे, आता करू काय. बहुतेक जण स्क्रीनशॉट घेऊन मोकळे होतात आणि मग सीताबर्डीत प्रिंट काढली की रेषा धूसर येतात. इतकी सुंदर काढलेली आकृती अशी वाया गेलेली पाहून जीव तुटतो खरंच.

याचं मूळ बरंच जुनं आहे. डोनाल्ड कनुथ यांचं टेक (लाटेक ज्याच्यावर उभं आहे ते अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर) १९७०च्या दशकाच्या शेवटी आलं, आणि टेकला चित्र काढता येतच नाही, त्याला फक्त अक्षर किती रुंद, किती उंच, कुठं ठेवायचं एवढंच कळतं, रेष म्हणाल तर आडवी नाहीतर उभी पट्टी. त्यातून निघणारी डीव्हीआय फाईलही (पानावर काय कुठं बसतं ते सांगणारी; हा फॉरमॅट डेव्हिड फुक्स यांचा, १९७९) तेवढंच सांगते. लाटेकच्या चित्र काढायच्या जुन्या 'पिक्चर' सोयीत तिरकी रेष चक्क एका खास फॉन्टच्या तुकड्यांची जोडलेली असायची, म्हणून चढ-उतार ६ पर्यंतच्या पूर्णांकातच द्यावे लागायचे. पण कनुथनी एक वाट मोकळी ठेवली, 'स्पेशल' नावाची कमांड, तिच्यात काय लिहिलंय ते टेक बघतच नाही, तसंच पुढं सरकवतो, डीव्हीआय जो उघडेल त्यानं निस्तरायचं.

सगळी गोम इथंच आहे. १९८४ ला अडोबीचं पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान कसं काढायचं ते सांगणारी भाषा, ईपीएस तिच्यातच असतं) आलं, मग डीव्हीआयचं पोस्टस्क्रिप्ट करणारं डीव्हीआयपीएस, मग पीएसट्रिक्स हे आकृत्यांचं पॅकेज, ज्यानं त्या स्पेशलमध्ये सरळ पोस्टस्क्रिप्टच भरलं. जर्नलांची ईपीएसची सवय त्याच काळातली. पुढं चेक देशातल्या ब्र्नोच्या मासारिक विद्यापीठात हान थे थान्ह यांनी पीडीएफटेक केलं, ते थेट पीडीएफ देतं पण त्याला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही, त्यामुळे पीएसट्रिक्सच्या आकृत्या तिथं अडल्या. टिल टान्टाऊ यांनी स्वतःच्या पीएचडीच्या आकृत्यांसाठी जे सुरू केलं त्याचंच पुढं टिक्झ झालं आणि त्यात ड्रायव्हर (कमांडचं त्या-त्या फॉरमॅटमध्ये भाषांतर करणारा भाग) वेगळे ठेवलेत, म्हणजे तुमची ड्रॉ कमांड तीच, पण पीडीएफटेकचा ड्रायव्हर एक लिहितो, डीव्हीआयपीएसचा दुसरं, डीव्हीआयएसव्हीजीएमचा (डीव्हीआयचं एसव्हीजी करणारा प्रोग्राम) तिसरं. म्हणून माझं म्हणणं, तयार पीडीएफ पिळत बसण्यापेक्षा मूळ फाईलच योग्य ड्रायव्हरनं परत चालवा. एक अडचण मात्र राहतेच, पोस्टस्क्रिप्टमध्ये पारदर्शकता नाही, त्यामुळे अर्धपारदर्शक रंग ईपीएसमध्ये सपाट करावे लागतात, कधी त्या भागाचं सरळ पिक्सेलचं चित्र होतं.

एसव्हीजी २००१ ला डब्ल्यूथ्रीसीनं (वेबचे नियम ठरवणारी संस्था) मान्य केलं आणि तिथं आपल्या मराठीचा प्रश्न येतो. झीटेकनं (युनिकोड कळणारं टेकचं नवं रूप) देवनागरी नीट जुळते, पण पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं बसलेली असतात, 'त्रिज्या' मधली वेलांटी आधी, 'त्र' नंतर. एखाद्या सॉफ्टवेअरनं ते मजकूर म्हणून उचललं की लेबल विस्कटलंच. त्यावर इलाज म्हणजे झीटेकला पीडीएफ न करता एक्सडीव्ही (झीटेकची डीव्हीआयसारखी फाईल) काढायला सांगायचं आणि डीव्हीआयएसव्हीजीएमला नो-फॉन्ट्स ऑप्शन द्यायचा, मग प्रत्येक अक्षर रेषांचा आकार होऊन जातं आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये 'त्रिज्या' जशीच्या तशी दिसते, फक्त ती सर्च करून सापडत नाही, तेवढं लेबलचं नाव एसव्हीजीच्या टायटलमध्ये हातानं लिहून द्यावं लागतं.