गादी आली, दांडी गेली

विदर्भातल्या गावात कोंबडीखाली तूस अंथरणं ही जुनी रीत नव्हे. कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरायच्या आणि तिन्हीसांजेला घरामागच्या बाभळीवर, गोठ्याच्या आढ्यावर नाहीतर खुराड्यातल्या आडव्या बांबूवर, म्हणजे दांडीवर, चढून बसायच्या. डाल्याखाली असायची ती पिल्लंवाली कोंबडी. खुराड्यात चुलीतली राख पसरलेली, सकाळी विष्ठेसकट ती खताच्या खड्ड्यात जायची. गादीचा, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या जाड थराचा, प्रश्नच नव्हता.

गादी शेडसोबत आली. तिचं शास्त्र बसलं 1940च्या दशकात, अमेरिकेतल्या ओहायोत. जुना थर न उपसता वर नवा टाकत गेलं, की खालचे जिवाणू विष्ठा कुजवतात आणि कोंबड्या तोच थर उकरून त्यातून ब-12 जीवनसत्त्व मिळवतात. हे सगळं महिनोन्‌महिने न उपसलेल्या गादीसाठी होतं. आपल्याकडे गावोगाव गादी दिसते ती मुख्यतः ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या, करारातल्या शेडांत. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं; शेड, वीज आणि तूस शेतकऱ्याचं. चाळीसेक दिवसांत पक्षी उचलले की गादीही बाहेर. ती मुरायला वेळ मिळतोच कुठे?

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या गिरण्या असल्यामुळे तूस हाताशी असतं, पण वीटभट्ट्या आणि कारखान्यांचे बॉयलरही त्याच तुसाचे गिऱ्हाईक. यवतमाळ-अमरावतीकडे लाकडाचा भुसा किंवा सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, वापरतात. कुटार ओल धरतं आणि लवकर बुरसतं. मूठभर गादी दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. मग अमोनियाचा भपका आणि रक्ती हगवण ठरलेली. मे महिन्यात पारा 45 वर गेला की पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर लावावे लागतात, आणि गादी पुन्हा ओली.

खरा वाद मात्र परसातल्या कोंबडीचा, तिला शेडात दांडी हवी की नको याचा. गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षी सरकारी योजनांतून गावात आले, तेव्हा त्यांच्यासोबत शेडचा नमुनाही आला. जाळी, पत्रे, पाण्याची भांडी आणि तुसाची गादी. दांडी अशा शेडांत क्वचितच दिसते. ती वगळण्यामागे कारणं होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. लाकडाच्या फटीत गोचीड लपतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. जड पक्षी उंचावरून उतरताना आदळतो, तळव्याला जखम होते. ब्रॉयलरला तर दांडी लागतच नाही. पण या तिन्हींतून निघतं ते एवढंच, की दांडी बुटकी आणि गुळगुळीत हवी. नकोच, असं नाही. ब्रॉयलरचा आराखडा उचलून परसात ठेवला, हे त्यातलं साधं सत्य.

त्याची किंमत गादीनं मोजली. दांडीवर बसलेल्या कोंबडीची रात्रभराची विष्ठा खालच्या एका पट्ट्यात पडते, तेवढा पट्टा सकाळी खरवडला की झालं. दांडी नसेल तर पक्षी कोपऱ्यात दाटी करून झोपतात, तिथली गादी आठवड्यात चिखल होते. थंडीत किंवा वीज गेल्यावर एकमेकांवर चढून गुदमरतात ते वेगळं. शिवाय उबवणीगृहातून आलेल्या पिल्लानं पहिल्या चारेक आठवड्यांत दांडी पाहिलीच नाही, तर मोठेपणी बांबू लावून दिला तरी ते वर जायला बिचकतं. मग लोक म्हणतात, योजनेची कोंबडी मठ्ठ. रानकोंबड्याची जात, झाडावर झोपणारी. मठ्ठ कशी असेल? गंमत म्हणजे युरोपात 2012 पासून पिंजऱ्यातल्या कोंबडीलासुद्धा दर कोंबडीमागे 15 सेंटिमीटर दांडी सक्तीची आहे.

2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, 2021 मध्ये पुन्हा राज्यभर भीती पसरली. रानपाखरांशी संपर्क टाळा, कोंबड्या बंदिस्त ठेवा, हा सल्ला गावोगाव गेला. तो चुकीचा नव्हता. पण त्यामुळे बाभळीवरची उरलीसुरली वस्तीही खाली, गादीवर आली. बाधित पट्ट्यात तर गादीसुद्धा नष्ट करावी लागते. नुकसानभरपाई मिळते ती पक्षी, अंडी आणि खाद्याची, तूस मालकाच्या अंगावर.

अलीकडे काही ठिकाणी शेडमध्ये बांबू परत दिसू लागलाय. गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन्ही टोकांना रॉकेल लावलेला, खाली राखेचा पट्टा. पिल्लांसाठी वीतभर उंचीची वेगळी दांडी. कपाशीवाले आणि संत्रावाले त्या पट्ट्यातलं खत आधीच सांगून ठेवतात, त्यात तुसाची भर कमी असते म्हणून.