अ‍ॅना चांडी: मुन्सफ ते हायकोर्ट जज

भारतातली पहिली महिला हायकोर्ट जज कोण, तर अ‍ॅना चांडी, केरळ हायकोर्ट, ९ फेब्रुवारी १९५९. जीकेच्या पुस्तकात एका ओळीत विषय संपतो. पण ही नेमणूक काय एकाएकी झाली नव्हती, त्याच्या मागे तीसेक वर्षं आहेत आणि मला तरी तीच जास्त इंटरेस्टिंग वाटतात.

आपल्या नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ ला ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली, तरी ब्रिटिश इंडियात बायकांना रीतसर वकिली करता यायला १९२३ चा कायदा यावा लागला. त्रावणकोर (आजच्या केरळचा दक्षिण भाग) हे वेगळं संस्थान, तिथे अ‍ॅनाबाईंनी १९२६ मध्ये कायद्याची डिग्री घेतली, संस्थानातली पहिलीच बाई, आणि १९२९ पासून प्रॅक्टिस, तीही क्रिमिनल केसेसची.

त्याआधी १९२८ मध्ये त्रिवेंद्रमला जाहीर सभेत वाद रंगला होता, बायकांना सरकारी नोकऱ्या द्याव्यात का. टी. के. वेलू पिल्लैंचं म्हणणं नकोत, संसाराची घडी विस्कटते. अ‍ॅनाबाई उभ्या राहिल्या आणि उलटतपासणी घ्यावी तसा एकेक मुद्दा खोडून काढला. मग १९३० ला ‘श्रीमती’ नावाचं मासिक काढलं. १९३१ ला श्रीमूलम असेंब्लीला, म्हणजे संस्थानाच्या विधिमंडळाला, उभ्या राहिल्या तर चारित्र्यावर शिंतोडे, बदनामीची पोस्टरं, सगळं झालं आणि पडल्या. पण पुढच्याच वर्षी निवडून आल्या! आणि समानता म्हणजे सोयीपुरती नाही हं, त्रावणकोरात बायकांना फाशीतून सूट होती तर तिलाही यांचा विरोध, हक्क सारखे तर शिक्षाही सारखीच. हे पटो न पटो, बाई पक्की होती.

१९३७ मध्ये दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यरांनी त्यांना मुन्सफ, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टाचं जज, नेमलं. १९४८ ला डिस्ट्रिक्ट जज. मधल्या काळात संस्थान गेलं, त्रावणकोर-कोचीन आलं, मग केरळ राज्य झालं, सरकारं बदलली पण बाई खुर्चीवर होत्याच. हायकोर्टात १९६७ पर्यंत, मग लॉ कमिशन.

सुप्रीम कोर्टातली पहिली महिला जज फातिमा बीवी, १९८९, त्याही केरळच्याच, त्याही खालच्या कोर्टात मुन्सफ म्हणून सुरुवात करून वर आलेल्या. आणि आपलं १८६२ पासूनचं मुंबई हायकोर्ट? तिथे पहिल्या महिला जज सुजाता मनोहर, त्या थेट १९७८ ला.